सरोवरकाठचा पहारेकरी

शिकागो म्हटले की आपल्याला आठवते ती १८९३ ची सर्वधर्मपरिषद आणि तीत बोललेले स्वामी विवेकानंद. ही परिषद ज्या इमारतीत भरली ती आज तेथील कलासंस्थेची इमारत आहे. मिशिगन सरोवराच्या काठी जे विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे, त्याच्या जागेत ती उभी आहे. तिच्याभोवती आणखी कितीतरी इमारती उठल्या असत्या. त्या उठल्या नाहीत, याचे श्रेय आरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याकडे जाते.

वॉर्ड यांचा जन्म १८४३-४४ च्या सुमारास न्यू जर्सी राज्यातील चॅथम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. लहान वयातच शाळा सुटली आणि पिंपांच्या कारखान्यात व विटांच्या भट्टीवर त्यांना काम करावे लागले. पुढे फिरते विक्रेते म्हणून खेड्यापाड्यांत हिंडताना त्यांनी शेतकऱ्यांची अडचण पाहिली. गावच्या दुकानात मिळेल तो माल, सांगतील त्या भावाने घ्यावा लागे. मधले अडते वगळून टपालाने थेट माल पाठवावा, ही कल्पना त्यांना त्यातूनच सुचली. १८७१ च्या शिकागोच्या भीषण आगीत जमविलेला माल जळून गेला. तरीही पुढच्याच वर्षी १६३ वस्तूंची एकपानी यादी छापून त्यांनी धंदा सुरू केला. माल न आवडल्यास पैसे परत, ही हमीही त्यांनी १८७५ मध्ये दिली. कधी न पाहिलेल्या दुकानदारावर शेतकऱ्यांनी विश्वास टाकला तो या छापील शब्दावर.

धंदा वाढला आणि वॉर्ड यांची पेढी सरोवरासमोरच्या मिशिगन मार्गावर आली. समोर मैदान होते, पण कसले! कचऱ्याचे ढीग, तबेले, मोडक्या पडव्या आणि पलीकडे रेल्वेचे रूळ. वास्तविक १८३६ साली भूखंड विक्रीस काढताना कालवा-आयुक्तांनी नकाशावरच नोंद केली होती की, ही जागा सर्वांची असून ती कायम मोकळी राहील व तेथे कोणतेही बांधकाम होणार नाही. नगराला या शब्दाचा विसर पडला होता. वॉर्ड यांना पडला नाही. १८९० मध्ये त्यांनी नगराविरुद्ध दावा लावला.

हा लढा वीस वर्षे चालला. चार वेळा प्रकरण इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले व चारही वेळा वॉर्ड जिंकले. कलासंस्थेची इमारत तेवढी अपवाद ठरली. खरी कसोटी लागली ती मार्शल फील्ड यांच्या मृत्युपत्राने. १९०६ मध्ये वारलेल्या या धनाढ्य व्यापाऱ्याने संग्रहालयासाठी ८० लाख डॉलर ठेवले होते आणि ते उद्यानातच बांधावे असा घाट घातला गेला. विद्येच्या मंदिराला विरोध करणारा माणूस लोकांना हटवादी वाटला. वृत्तपत्रांनी टीका केली. पण एका चांगल्या कामासाठी दार उघडले की दुसऱ्यासाठी ते बंद कसे करणार, हा प्रश्न उरतोच. १९०९ मध्ये निकाल वॉर्ड यांच्या बाजूने लागला. संग्रहालय अखेर उद्यानाच्या दक्षिणेस बांधले गेले व १९२१ मध्ये उघडले.

यात वॉर्ड यांचा स्वार्थ नव्हता काय? होता. त्यांची मिळकत समोरच होती. परंतु कायद्याने दाद मागण्याचा हक्कही त्यांना त्यामुळेच मिळाला होता. आणि मोकळी हवा मिळाली ती मात्र सगळ्या शहराला. ज्यांना उन्हाळ्यात गावाबाहेर जाणे परवडत नाही अशा गरिबांचे ते अंगण झाले.

वॉर्ड १९१३ मध्ये वारले. त्यांच्या पेढीची दुकाने २००१ मध्ये बंद पडली. मैदान मात्र आजही मोकळे आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हिशेब तपासायला शिकतो तो पैशांचा. सार्वजनिक जागेचाही हिशेब असतो आणि तो कोणीतरी नागरिकाने जुने नकाशे काढून, वाईटपणा घेऊन तपासावा लागतो, हे वॉर्ड यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे.