डॉ. सलीम अली : एका चिमणीमुळे सापडलेली वाट

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घराच्या आसपास किती प्रकारचे पक्षी येतात, सांगू शकाल? कावळा, चिमणी, कबुतर, साळुंकी... आणि पुढे? बहुतेकांची गाडी इथेच अडते. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात वाढलेल्या एका मुलाची गाडीसुद्धा एका पक्ष्याच्या नावावर अशीच अडली होती. पण तो गप्प बसला नाही, विचारायला गेला. पुढे साऱ्या जगाने त्याला पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखले. आज आपण त्यांचीच, म्हणजे डॉ. सलीम अली यांची माहिती घेऊया.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीतल्या आपल्या घरी मायेने वाढवलं.

मामांना शिकारीची आवड होती. त्या काळी शिकार हा मोठ्या लोकांचा छंदच होता. लहानग्या सलीमलाही छऱ्याची बंदूक मिळाली. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतो तर काय, तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीची चिमणी तर अशी नसते. मग ही कोणती? मामांनाही ते सांगता येईना. पण मामांनी एक फार मोठी गोष्ट केली. 'चिमणीच आहे, सोड तो नाद' असं म्हणून त्यांनी विषय संपवला नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं.

ही संस्था १८८३ साली मुंबईत सुरू झालेली. तिचे मानद सचिव होते मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. राज्य इंग्रजांचं. साहेबासमोर एकट्याने जाऊन उभं राहायचं म्हणजे मुलाच्या पोटात गोळा येणारच. पण मिलार्ड साहेबांनी त्याला प्रेमाने जवळ घेतलं. ही पिवळ्या गळ्याची चिमणी आहे, असं सांगितलं आणि एकेक कप्पा उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकंही दिली. सलीमसाठी एक नवीनच जग उघडलं.

मित्रांनो, यापुढचा रस्ता सरळ होता असं समजू नका बरं का! कॉलेज त्यांनी पहिल्याच वर्षानंतर सोडलं आणि घरच्या उद्योगासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तिथे धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच जास्त लक्ष! परत येऊन त्यांनी सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचं शिक्षण घेतलं. तरी विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली जागा काही मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.) पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रा. स्ट्रेसेमन यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत येतात तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली!

आता काय करायचं? पत्नी तेहमिना यांच्यासह ते मुंबईजवळच्या, अलिबागकडच्या किहीम गावी समुद्रकाठी राहायला गेले. हाताला काम नाही, पण घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते रोज तासन्‌तास ती न्याहाळत आणि दिसेल ते लिहून ठेवत.

त्यांना काय दिसलं? आपण 'सुगरण' म्हणतो, नाव बाईचं. पण घरटं विणतो नर. घरटं अर्धं झालं की मादी येऊन आतून-बाहेरून तपासते. पसंत पडलं तर ती तिथे राहते आणि नर उरलेलं काम पुरं करतो. तिने अंडी घातली की हे महाशय दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! सुगरणीच्या संसाराची ही रीत त्यांनी सविस्तर मांडली आणि अभ्यासकांमध्ये त्यांचं नाव झालं. बघा, बेकारीच्या दिवसांत, घराजवळच्या झाडाखाली त्यांचं हे मोठं काम झालं.

त्यानंतर हैदराबादसारख्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी पगार न घेता, फक्त खर्चावर केली. १९३९ साली तेहमिना यांचं निधन झालं. हा घाव फार मोठा होता, पण काम थांबलं नाही. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. रिप्ले या अमेरिकन अभ्यासकासोबत त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. भरतपूरचं पक्षी अभयारण्य आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून त्यांनी आपला शब्द खर्च केला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्याच चिमणीला जागा दिली. १९८७ साली, वयाच्या नव्वदीत ते गेले.

आज त्यांच्या मुंबईत इमारती वाढल्या, चिखलाची खाजणं आणि तिवरं कमी झाली. तरी हिवाळ्यापासून ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीच्या किनाऱ्यावर रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. २०१५ साली ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण पक्ष्यांना फक्त पाटी पुरत नाही. चिखल, पाणी आणि शांतता राहिली तरच ते पुन्हा येतील. आणि ज्याचं आपल्याला नावही ठाऊक नाही, ते गेलं तरी आपल्याला कळणार कसं?

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होऊन तो सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. या वर्षी एक करा. गलोल खुंटीला टांगा. एक वही घ्या. रोज पंधरा मिनिटं एकाच जागी शांत बसा. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचा रंग आणि तो काय करत होता, एवढंच लिहा. नाव नाही आलं तर चित्र काढा आणि विचारा. आणि पालकहो, शिक्षकहो, मुलाने विचारलं आणि आपल्याला उत्तर आलं नाही, तर सलीमच्या मामांसारखं एवढंच म्हणा : चल, ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जाऊया.