आचार्य धर्मानंद कोसंबी

भगवान बुद्धांनी सुमारे पंचेचाळीस वर्षे गंगेच्या खोऱ्यात गावोगाव हिंडून लोकांना उपदेश केला. त्यांची वचने पुढे पाली भाषेतील ग्रंथांत संगृहीत झाली. परंतु काळाचा ओघ असा विचित्र, की ज्या भूमीत ही वचने प्रथम उच्चारली गेली, त्या भूमीतच त्यांचे पठण हळूहळू थांबले. ग्रंथ दुर्मिळ झाले आणि ते समजावून सांगणारे आचार्यही उरले नाहीत. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि सयाम या देशांतील भिक्षूंनी मात्र हे धन ताडपत्रांवर लिहून पिढ्यान् पिढ्या जपून ठेवले. एकोणिसाव्या शतकात युरोपातील पंडित या ग्रंथांचा अभ्यास करू लागले, तरी ज्याला इंग्रजी येत नाही व जवळ पैसा नाही, अशा महाराष्ट्रातील तरुणाला पाली शिकण्याची सोय कोठेच नव्हती. अशा काळी गोव्यातील एका खेड्यातून एक तरुण हे हरवलेले धन शोधण्यासाठी बाहेर पडला. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. मराठी शिक्षणाची खेड्यांतून फारशी व्यवस्था नव्हती. घरची नारळीची बागायत सांभाळणे हे मुलांचे ठरलेले काम. त्यातच धर्मानंदांची प्रकृती नाजूक. त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण लवकरच थांबले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या काळच्या चालीप्रमाणे त्यांचे लग्नही झाले. संसाराचा भार अंगावर आला. परंतु ज्ञानाची भूक काही शमली नाही. मिळेल ते मराठी पुस्तक आणि मिळेल ते मासिक ते अधाशासारखे वाचीत. अशाच वाचनात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धांचे चरित्र त्यांच्या दृष्टीस पडले. त्या काही पानांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. बुद्धांचा धर्म मुळापासून समजून घ्यावयाचा आणि त्यासाठी वाटेल ते कष्ट सोसावयाचे, असा निश्चय त्यांच्या मनाने केला.

निश्चय करणे सोपे होते. तो पार पाडणे अतिशय कठीण होते. घरी तरुण पत्नी बाळाबाई आणि लहानगी मुलगी माणिक होती. त्यांना मागे ठेवून जाणे म्हणजे त्यांच्यावर दुःखाचा डोंगर लोटणेच होते. पुष्कळ दिवस धर्मानंदांच्या मनाची ओढाताण झाली. अखेर १८९९ च्या शेवटी त्यांनी घर सोडले. त्यांच्या विद्येची थोरवी सांगताना बाळाबाईंनी त्या विद्येसाठी मुकाट्याने केलेला त्याग विसरता येत नाही. त्यानंतरची कित्येक वर्षे त्या माउलीने पतीची वाट पाहत काढली.

प्रथम धर्मानंद पुण्यास आले. तेथे थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची त्यांनी भेट घेतली. पाली ग्रंथ नीट समजण्यास आधी संस्कृतचा पाया पक्का हवा, हे त्यांनी जाणले होते. म्हणून ते पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. जवळ पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही. अन्नछत्रात मिळेल त्या अन्नावर गुजराण करावी, कडाक्याच्या थंडीत अपुऱ्या वस्त्रांवर रात्र काढावी आणि दिवसभर शास्त्रीबुवांपाशी बसून व्याकरण घोकावे, असा त्यांचा क्रम होता. या कष्टांतून त्यांचे संस्कृतचे ज्ञान पक्के झाले.

बुद्धांचा जन्म हिमालयाच्या पायथ्याशी झाला. तेव्हा नेपाळात त्यांचा धर्म अजून नांदत असेल, या आशेने १९०२ च्या प्रारंभी ते नेपाळात पोचले. बिकट घाट चढून त्यांनी काठमांडू गाठले. परंतु ज्यासाठी एवढा प्रवास केला, ते तेथे सापडले नाही. पाली ग्रंथांचे अध्ययन तेथे होत नव्हते. दुसरा एखादा निराश होऊन घरी परतला असता. धर्मानंद तेथून बुद्धगयेस गेले. खरा अभ्यास करावयाचा तर सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, जावयास हवे, असे तेथे त्यांना कळले. लगेच त्यांनी कलकत्त्याची वाट धरली आणि तेथील सज्जनांच्या साहाय्याने त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास जाऊन पोचले.

कोलंबो येथे विद्योदय नावाचे प्रख्यात विद्यापीठ होते. सुमंगलाचार्य हे वयोवृद्ध व ज्ञानवृद्ध भिक्षू तेथील प्रमुख होते. त्यांच्या चरणांशी बसून धर्मानंदांनी पालीच्या अभ्यासास आरंभ केला आणि श्रामणेराची, म्हणजे नवशिक्या भिक्षूची, दीक्षा घेतली. तेथील अन्न त्यांना मानवेना. देश परका, भाषा परकी. शिवाय आणखी एक अडचण होती. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत लिहितात आणि सयामात तेथील लिपीत लिहितात. म्हणून भाषेबरोबर नवी लिपीही शिकणे प्राप्त होते. धर्मानंदांनी ती चिकाटीने आत्मसात केली.

सिंहलद्वीपातून ते मद्रासला आले. तेथे काही काळ राहून त्यांनी इंग्रजीचा अभ्यास वाढविला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथील विहारांत राहून त्यांनी ग्रंथांचे अध्ययन केले, बर्मी लिपी शिकली आणि ध्यानाचाही अभ्यास केला. मधल्या काळात भिक्षूच्या वेषात त्यांनी सारनाथ, कुशिनारा इत्यादी पवित्र स्थळांची यात्रा केली. कधी धर्मशाळेत, कधी झाडाखाली मुक्काम करावा आणि भिक्षेत मिळेल ते खावे, अशी ती यात्रा होती. अशा रीतीने सहा-सात वर्षे अखंड परिश्रम करून हा शाळा सोडलेला तरुण पाली भाषेचा गाढा पंडित झाला.

आता प्रश्न असा होता, की या विद्येचे करावयाचे काय? विहाराच्या शांत खोलीत बसून ते आयुष्य सुखाने घालवू शकले असते. परंतु जे आपल्याला इतक्या कष्टांनी मिळाले, ते आपल्या देशबांधवांना सुलभतेने मिळावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०६ मध्ये ते कलकत्त्यास परतले. भिक्षुवेष उतरवून त्यांनी शिक्षकाचे काम पत्करले आणि गोव्यास जाऊन आपल्या कुटुंबाची भेट घेतली. बंगालमध्ये त्या वेळी स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती व राष्ट्रीय शिक्षणासाठी नवे महाविद्यालय निघाले होते. तेथे धर्मानंद पाली शिकवू लागले. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी हे मोठे गुणग्राहक पुरुष होते. त्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठानेही धर्मानंदांची पालीचे अध्यापक म्हणून नेमणूक केली.

कलकत्त्यास मान होता आणि वेतनही चांगले होते. परंतु धर्मानंदांचे मन महाराष्ट्राकडे ओढ घेत होते. मराठी माणसाला मराठीतून बुद्धांची ओळख करून द्यावी, ही त्यांची इच्छा होती. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कानी ही गोष्ट गेली. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून ग्रंथलेखन करण्यासाठी त्यांनी धर्मानंदांना तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देऊ केले. कलकत्त्यास त्यांना यापेक्षा अधिक मिळत होते. तरीही १९०८ मध्ये धर्मानंदांनी अधिक वेतनाची जागा सोडून कमी द्रव्य आनंदाने स्वीकारले. बडोद्यास त्यांनी बुद्ध, धर्म आणि संघ या विषयांवर व्याख्याने दिली. ती १९१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पंडितांपुरताच असलेला विषय अशा रीतीने सामान्य वाचकाच्या हाती आला.

याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स यांची आणि त्यांची ओळख झाली. हार्वर्डमध्ये एक मोठे काम अर्धवट राहिले होते. बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा श्रेष्ठ ग्रंथ रचला. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने त्याची शुद्ध प्रत तयार करावयास घेतली होती. पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते ताडून पाहावयाची, नकलकारांच्या चुका शोधावयाच्या आणि मूळ पाठ कोणता ते ठरवावयाचे, असे हे जिकिरीचे काम होते. सिंहली व बर्मी या दोन्ही लिपी जाणणारा आणि ग्रंथाचा अर्थ परंपरेने शिकलेला मनुष्य यासाठी हवा होता. म्हणून १९१० मध्ये धर्मानंद हार्वर्डला गेले. ज्याने गावची शाळाही पुरी केली नव्हती, त्याला जगातील एका अग्रगण्य विद्यापीठाने आदराने बोलावून घेतले! परंतु हे काम सुखासुखी पार पडले नाही. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून त्यांचा मतभेद झाला. धर्मानंद नम्र होते, पण मिंधे नव्हते. काम अपुरे ठेवून ते १९१२ मध्ये स्वदेशी परतले.

डॉ. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद पालीचे प्राध्यापक झाले आणि १९१८ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. बारा वर्षांपूर्वी ज्या पुण्यात पाली शिकण्यासाठी ते आले आणि निराश होऊन पुढे गेले, त्याच पुण्यात आता महाराष्ट्रातील विद्यार्थी त्यांच्यापुढे बसून पाली शिकू लागले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट आणि चिंतामण वैजनाथ राजवाडे यांच्यासारखे विद्वान त्यांच्या शिष्यवर्गातून निघाले व त्यांनी ही परंपरा पुढे चालविली. गुरूने एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा, तसे हे घडले.

पुढे ‘विसुद्धिमग्गा’चे काम पुरे करण्यासाठी हार्वर्डने त्यांना पुन्हा बोलाविले. १९१८ मध्ये ते माणिक व दामोदर या मुलांना बरोबर घेऊन गेले. माणिक हिने अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले. त्या काळी ही गोष्ट फार दुर्मिळ होती. दामोदर पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. १९२२ मध्ये परतल्यावर धर्मानंदांनी महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात काम केले. त्यानंतरही ते आणखी दोन वेळा हार्वर्डला गेले आणि १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड येथेही त्यांनी काही काळ अध्यापन केले. त्यांनी सिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्गा’ची हार्वर्डची प्रत १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाली. तत्पूर्वी १९४० मध्ये त्यांनी तो ग्रंथ देवनागरी लिपीत मुंबईस प्रसिद्ध करविला होता. आता भारतीय विद्यार्थ्याला तो वाचण्यासाठी परकी लिपी शिकण्याची गरज उरली नाही. आपण सोसलेली एक अडचण पुढच्यांच्या वाटेतून त्यांनी कायमची दूर केली.

धर्मानंद केवळ ग्रंथांत रमणारे पंडित नव्हते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास सोसला. मुंबईच्या परळ भागात, कामगारांच्या वस्तीत, त्यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये ‘बहुजन विहार’ उभा राहिला आणि ते स्वतः तेथे राहिले. जन्मावरून मनुष्याला उच्च-नीच मानू नये, ही बुद्धांची शिकवण त्यांना पुस्तकात ठेवावयाची नव्हती. ती आचरणात आणावयाची होती. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ विशेष गाजला. त्यात त्यांनी चमत्काराच्या कथा बाजूला सारून जुन्या पाली ग्रंथांच्या आधारे बुद्धांचे जीवन मांडले. पुढे भारतातील अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी आपले कष्ट आणि आपले दोष सारख्याच मोकळेपणाने सांगितले आहेत.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात जून १९४७ मध्ये आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी देह ठेवला. त्यांनी मागे धन ठेवले नाही. परंतु पाली शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांतील वर्ग, देवनागरीतील ग्रंथ, सोप्या मराठीतील पुस्तके आणि शिकविण्यास तयार असलेले शिष्य एवढे त्यांनी मागे ठेवले. ज्या विद्येसाठी त्यांना उपाशीतापाशी देशोदेशी हिंडावे लागले, ती विद्या त्यांनी इतरांच्या दाराशी आणून पोचविली. स्वतः विद्या मिळविणारे पुष्कळ असतात. परंतु आपण चाललेल्या वाटेवरील काटे मागून येणाऱ्यांसाठी वेचून ठेवणारे थोडे. आचार्य कोसंबी हे अशा थोड्यांपैकी एक होते.