टायरवरचे नाव : चार्ल्स गुडइयर

थंडी तोंडावर आली की आपल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. गाडीचे टायर गोटा झाले आहेत, आता बदलायलाच हवेत! मग शनिवारी आपल्याला मराठीच्या वर्गाला सोडायला आलेले आई-बाबा पार्किंग लॉटमध्ये वाकून एकमेकांच्या गाड्यांचे टायर बघू लागतात. कोणाचे मत स्वस्त घ्यावेत, कोणाचे मत एकदाच चांगले घ्यावेत. चर्चा रंगते आणि आपण दप्तर घेऊन उभे राहतो.

असेच उभे असताना आम्ही टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे वाचू लागलो. एका गाडीच्या टायरवर गुडइयर हे नाव होते. आमच्यापैकी बहुतेकांना वाटत होते की चांगले वर्ष जावे म्हणून कंपनीने ठेवलेले हे शुभ नाव असेल. पण तसे नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. त्या माणसाने मोटारीचा टायर कधी डोळ्यांनी पाहिलाही नाही, आणि त्याच्या नावाच्या कंपनीतून त्याला एक पैसाही मिळाला नाही. या अंकातील थोरांची ओळख त्याचीच.

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म 29 डिसेंबर 1800 रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी झाला. वडील अमासा गुडइयर बटणे आणि शेतीची अवजारे बनवीत. वयाच्या सतराव्या वर्षी चार्ल्स धंदा शिकायला फिलाडेल्फियाला गेले, परत येऊन वडिलांचे भागीदार झाले. 1824 साली त्यांचे क्लॅरिसा बीचर यांच्याशी लग्न झाले. 1826 साली त्यांनी फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचे दुकान काढले. दुकान चालले, पण उधारी फार झाली, आणि 1830 च्या सुमारास धंदा बुडाला. त्या काळी कर्ज फेडता आले नाही तर तुरुंगात टाकीत. गुडइयर यांना पुढे आयुष्यात कितीदा तरी तुरुंगाची पायरी चढावी लागली.

1834 साली ते न्यूयॉर्कमधील एका रबराच्या दुकानात शिरले. तिथे पाण्यात बुडू नये म्हणून घालायचे, हवा भरलेले पट्टे विकायला होते. त्याची हवा भरायची झडप त्यांना बरोबर वाटली नाही. घरी जाऊन त्यांनी अधिक चांगली झडप बनवली आणि पुन्हा दुकानात नेऊन दाखवली. व्यवस्थापकाने झडपेचे कौतुक केले, पण खरे दुखणे वेगळेच असल्याचे सांगितले. झडप कितीही चांगली असली तरी रबरच टिकत नव्हते. त्या उन्हाळ्यात विकलेला माल वितळून चिकट गोळा होऊन परत येत होता, आणि त्याची दुर्गंधी सहन होत नव्हती.

त्या काळी रबराला इथे इंडिया रबर म्हणत. नावात इंडिया असले तरी ते आपल्या भारतातून येत नसे. ब्राझीलच्या जंगलातील झाडांना चीर पाडून त्यातून जो पांढरा चीक निघे, तो वाळवून हे रबर होई. पाणी आत जात नाही, ताणले तर तुटत नाही, असा हा नवलाचा पदार्थ! त्याचे बूट, कोट, टोप्या करायला कारखाने निघाले. पण उन्हाळ्यात त्या बुटांचा चिखल होई आणि हिवाळ्यात लाकूड. एकामागून एक कारखाने बुडाले. ज्या धंद्यातून सगळे बाहेर पडत होते, त्यात गुडइयर शिरले. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हते आणि खिशात पैसेही नव्हते.

फिलाडेल्फियाला परतताच कर्जापायी त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. त्यांनी क्लॅरिसाबाईंकडून कच्चे रबर आणि स्वयंपाकघरातले लाटणे मागवून घेतले. कोठडीत बसून ते रबर मळत आणि लाटत. आपल्या आया पोळीच्या कणकेला जे करतात तेच, फक्त पोळी काही होत नव्हती! त्यांचा विचार साधा होता. ओलसर कणीक हाताला चिकटली की आपण वरून कोरडे पीठ लावतो, तशी रबरात कोणतीतरी कोरडी पूड मिसळली तर चिकटपणा जाईल. त्यांनी मॅग्नेशिया मिसळून पाहिला. रबर पांढरे आणि सुंदर झाले. घरच्या सर्वांनी मिळून त्याचे बूट बनवले. उन्हाळा आला आणि बूट पुन्हा चिकट झाले.

मग नायट्रिक ॲसिड आले. त्याने वरचा थर कोरडा होई, आणि 1837 साली गुडइयर यांना त्याचे पेटंटही मिळाले. पण त्याच वर्षी देशात मोठी आर्थिक मंदी आली आणि भांडवल देणारा माणूस बुडाला. गुडइयर मॅसॅच्युसेट्समध्ये आले. तिथे नॅथॅनिएल हेवर्ड नावाचे गृहस्थ रबरात गंधक मिसळत असत. गुडइयर यांनी त्यांच्याकडून तो हक्क विकत घेतला. सरकारकडून 150 टपालथैल्यांची मागणी आली आणि आता दिवस पालटणार असे वाटू लागले. पण थैल्या उबदार खोलीत टांगून ठेवल्या असताना त्यांचा चिकट लगदा झाला. गंधकाने वरची साय सुधारली होती, आतले रबर तसेच होते. गुडइयर अंगात रबरी कोट आणि डोक्यावर रबरी टोपी घालून हिंडत, आणि लोक त्यांना हसत.

1839 साली वोबर्न गावी ती प्रसिद्ध घटना घडली. गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या स्टोव्हला लागला. तो वितळायला हवा होता, पण कातड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती की ती चिकट नव्हती आणि ताणली की परत जागेवर येत होती. त्यांनी तो तुकडा रात्रभर बाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तसाच लवचीक होता! ज्या उष्णतेने आजवर रबर बिघडत होते, तीच उष्णता योग्य प्रमाणात दिली तर रबर पक्के होते, हे त्यांच्या ध्यानात आले.

ही गोष्ट नेहमी अपघात म्हणून सांगितली जाते. गुडइयर यांना ते मान्य नव्हते. स्टोव्हवर करपलेला तुकडा दुसऱ्या कोणी पाहिला असता तर कचऱ्यात टाकला असता. पाच वर्षे तेच शोधत असलेल्या माणसाला तो वेगळा दिसला.

रबरात नेमके काय होते तेही थोडक्यात सांगतो. कच्च्या रबराचे रेणू शेवयांसारखे लांबलचक असतात. गरम झाले की ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर चिकट होते. गंधक आणि उष्णता मिळाली की या शेवयांमध्ये जागोजागी गाठी बसतात. मग त्या ताणल्या तरी घसरून जात नाहीत, जागेवर परत येतात. एकदा भाकरी भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसे हे रबर पुन्हा वितळत नाही. रोमन लोकांच्या अग्निदेवाचे नाव व्हल्कन, त्यावरून या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. भारतात पंक्चरच्या दुकानावर व्हल्कनायझिंगची पाटी दिसते, तोच हा शब्द.

पण शोध लागला म्हणून हाल संपले नाहीत. उष्णता किती द्यायची आणि किती वेळ, हे ठरवायला आणखी काही वर्षे गेली. गुडइयर शेजाऱ्यांच्या भट्ट्यांत आणि घरच्या चुलीत तुकडे भाजत बसत. शेवटी दाबाखालच्या सुमारे 270 अंश फॅरनहाइट वाफेत चार ते सहा तास ठेवले की काम फत्ते होते हे ठरले. त्या दिवसांत घरातले सामान विकले गेले. एका हिवाळ्यात मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली गेली. शेजाऱ्यांच्या मदतीवर दिवस निघत. 1840 साली त्यांचा एक लहान मुलगा वारला, तेव्हा अंत्यविधीलाही पैसे नव्हते. त्यांच्या बारा मुलांपैकी निम्मी मुले लहानपणीच गेली.

15 जून 1844 रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट क्रमांक 3633 मिळाले. मात्र इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी तिकडे पोहोचलेले नमुने तपासून तीच युक्ती शोधली होती आणि 1843 च्या अखेरीस तिथल्या पेटंटसाठी आधीच अर्ज केला होता. अमेरिकेतही अनेकांनी पैसे न देता ही पद्धत वापरली. 1852 साली ट्रेंटन येथे मोठा खटला झाला. गुडइयर यांच्या बाजूने प्रसिद्ध वकील डॅनियल वेबस्टर उभे राहिले आणि गुडइयर जिंकले. पण हातात आलेला पैसा ते नव्या प्रयोगांत आणि प्रदर्शनांत घालवीत. 1851 साली लंडनला आणि 1855 साली पॅरिसला त्यांनी आपल्या रबराची मोठी दालने उभारली, त्यात फर्निचरपासून दागिन्यांपर्यंत सर्व काही रबराचे होते. फ्रान्सच्या बादशहाने त्यांना सन्मानपदक दिले, आणि त्याच डिसेंबरात कर्जापायी ते पॅरिसच्या तुरुंगात होते. क्लॅरिसाबाई 1853 सालीच वारल्या होत्या. 1860 साली मुलगी अत्यवस्थ असल्याचे कळून ते निघाले, पण ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ती गेलेली होती. तिथेच 1 जुलै 1860 रोजी त्यांचे निधन झाले. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

1888 साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर बनवले. 1898 साली ओहायोतील ॲक्रन गावी फ्रँक सायबरलिंग यांनी टायरची कंपनी काढली आणि तिला गुडइयर यांचे नाव दिले. गुडइयर कुटुंबाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

हा लेख लिहायला आम्ही जमलो तेव्हा आमच्यात चांगलाच वाद झाला. काहींचे म्हणणे, इतकी चिकाटी दुसऱ्या कोणात सापडणार नाही, त्यांच्यामुळेच आज जग चाकांवर चालते. काहींचे म्हणणे, ज्या बाबांनी मुलांची पुस्तके विकली त्यांना थोर कसे म्हणायचे? क्लॅरिसाबाईंना आणि मुलांना कोणी विचारले होते का? एकमत झाले नाही. मग आम्ही असे ठरवले की दोन्ही गोष्टी लिहायच्या आणि एकीने दुसरी झाकायची नाही. पेटंटवर एकाच माणसाचे नाव असते, पण त्याची किंमत त्या घरातील सर्वांनी दिली.

आता पुन्हा आपल्या पार्किंग लॉटकडे वळू. टायर निवडताना आजही तोच प्रश्न असतो जो गुडइयर यांना पडला होता : ऊन आणि थंडी. टायरच्या बाजूवर टेंपरेचर या शब्दापुढे ए, बी किंवा सी अक्षर असते. टायर वेगात तापला असता किती तग धरतो, ते त्यावरून कळते, आणि ए सर्वांत चांगले. हवा कमी असेल तर टायर चेपत राहतो आणि आतून तापतो. 2000 साली फायरस्टोन कंपनीला सुमारे 65 लाख टायर परत घ्यावे लागले. वरचा थर सुटून झालेल्या अपघातांत शेकडो माणसे दगावली होती, आणि उष्णता व कमी हवा यांचाही त्यात वाटा होता. त्यानंतरच्या कायद्यामुळे 2008 च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा दिवा लागतो.

थंडीचे म्हणाल तर साधारण 45 अंश फॅरनहाइटच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. बर्फाळ भागात राहणाऱ्यांनी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चित्र असलेला टायर पाहावा. नुसती एम आणि एस ही अक्षरे पुरेशी नाहीत, ती फक्त खाचांच्या आकाराबद्दल सांगतात.

घरी करून पाहा : एक पेनी घ्या आणि लिंकनचे डोके खाली करून टायरच्या खाचेत उभी धरा. डोके पूर्ण दिसले तर टायर बदलायची वेळ झाली. मग डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालातील 23 वा आठवडा. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, म्हणून अनेक गाडी कंपन्या सहा ते दहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायरचा आकार आणि हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दारावरील पट्टीवर लिहिलेले असते. फक्त दोनच नवे टायर घ्यायचे ठरले तर ते मागच्या चाकांना बसवावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरत नाही.

हे सर्व एका कागदावर मराठीत लिहून आई-बाबांना द्या. टायर स्वस्त घ्यायचे की महाग, ते त्यांना ठरवू दे. पण रबर किती जुने आहे आणि उन्हाला, थंडीला पुरे पडेल का, एवढे मात्र त्यांना दुकानात विचारायला सांगा.