नगरच्या सेमिनरीतले टिळक

आजचं वाचन: २ तीमथ्य २:१-२



पौल तुरुंगात आहे. आयुष्याचा शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय. अशा वेळी तो तीमथ्याला सांगतो की माझ्याकडून जे शिकलास ते भरवशाच्या माणसांकडे सोपव, म्हणजे ती पुढे दुसऱ्यांना शिकवतील. मोजून पाहा, एवढ्याशा वाक्यात चार पिढ्या आहेत.

हे वचन वाचलं की मला रेव्ह. नारायण वामन टिळक आठवतात. आपण त्यांना गीतांमुळे ओळखतो. पण अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची सेमिनरी होती, तिथे ते प्रभूच्या सेवेसाठी तयार होणाऱ्या तरुणांना शिकवत असत.

स्वतः टिळकांची तयारी कुठल्याच सेमिनरीत झाली नव्हती. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले, थोडं इंग्रजीही शिकले आणि मग शाळा सुटली. पुढे कधी मास्तरकी, कधी पुराण सांगणं, कधी छापखान्यात खिळे जुळवणं. एका ठिकाणी पाय टिकत नव्हता. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि तिथून मागे फिरले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला.

त्याची किंमत घरात मोजावी लागली. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू काही वर्षं त्यांच्यापासून दुरावले. बायकोने आपलं ऐकून धर्म बदलावा अशी घाई टिळकांनी केली नाही. पुढे त्या परत आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

नगरला आल्यावर टिळकांना एक गोष्ट खुपत होती. आपल्या माणसांना येशू परका वाटतो, कारण त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांची भाषा आणि गाण्यांच्या चाली परक्या आहेत. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, ख्रिस्ती कीर्तन उचलून धरलं. शिकून बाहेर पडणारा सेवक गावात गेला की त्याच्या तोंडी गावाला कळेल असं गाणं असावं, यासाठी ती धडपड होती. १९०४ मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादनही त्यांच्याकडे आलं.

मग १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूवर प्रेम करणारे सगळे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेसुद्धा, त्यात भाऊ-बहीण म्हणून यावेत अशी त्यांची कल्पना होती. पगारावर चालणारी सेवा आणि हाकेवर चालणारी सेवा यांतला फरक त्यांना स्वतः जगून दाखवायचा होता. पण हाताशी वेळ थोडा उरला होता. ९ मे १९१९ ला मुंबईत ते प्रभूकडे गेले. त्यांच्यामागे दरबार फार काळ उभा राहिला नाही.

मग पौल म्हणतो ती साखळी तुटली का?

इथे थळच्या कोळीवाड्यात पोरगा जाळं सांधायला शिकतो तो मोठ्यांच्या शेजारी बसून. कितीही समजावून सांगा, हात चालल्याशिवाय गाठ बसत नाही. लक्ष्मीबाई अशाच शेजारी बसून शिकल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला अक्षरओळख नवऱ्यामुळे झाली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट ठेवलं होतं, ते पुढे त्यांनी लिहिलं. 'स्मृतिचित्रे' तर सगळा महाराष्ट्र वाचतो. आणि दर रविवारी आपल्या उपासनेत टिळकांचं एखादं गीत असतंच. दरबार गेला, पण सोपवलेलं हातात राहिलं.

आपल्यातले किती तरी जण आज ऑनलाइन बायबल कोर्स करतात, संध्याकाळी प्रवचनं ऐकतात. चांगलंच आहे. पण शिकलेलं सगळं आपल्याच वहीत आणि मोबाईलमध्ये साठत राहिलं, तर पौलाचं अर्धंच वाक्य आपण पाळलं.

आज मनन करताना दोन नावं लिहून काढा. एक, ज्याने विश्वास तुमच्या हाती दिला त्याचं. दुसरं, ज्याच्या हाती तुम्ही तो देताय त्याचं. दुसरी जागा रिकामी राहिली तर ती प्रभूसमोर ठेवा.

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांनी आम्हांला घडवलं त्यांच्याबद्दल तुझे आभार. सेवेसाठी शिकणाऱ्या प्रत्येक तरुणाला आपल्या माणसांची भाषा दे आणि तुझी हाक ओळखणारे कान दे. आम्हांला मिळालेलं पुढे द्यायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.