दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर ऊर्फ काकासाहेब केळकर (१८९६–१९९०) हे मराठी कवी, जुन्या गृहोपयोगी वस्तूंचे संग्राहक आणि पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. त्यांनी ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने काव्यलेखन केले. समया, लामणदिवे, आरत्या, अडकित्ते, कुलुपे, दौती, वज्री, भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्य वापराच्या वस्तू त्यांनी सुमारे चार दशके स्वखर्चाने जमवल्या. पितळी व इतर धातूंच्या दिव्यांचा त्यांचा विशेष अभ्यास होता. भारतीय दिव्यांविषयीचे त्यांचे ‘लँप्स ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. १९७५ मध्ये त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

पार्श्वभूमी

केळकरांच्या कुटुंबाचा पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय होता व त्यांनीही तोच व्यवसाय केला. त्यांना कोणत्याही संस्थानाचा वारसा अथवा मोठी जहागीर नव्हती. भारतातील अनेक खाजगी संग्रह राजेरजवाड्यांनी किंवा धनिकांनी उभे केले. १९५१ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुले झालेले हैदराबादचे सालारजंग संग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. केळकरांचा संग्रह मात्र एका मध्यमवर्गीय दुकानदाराच्या उत्पन्नातून वाढला. वस्तूंच्या निवडीवरही या परिस्थितीचा परिणाम झाला. रत्नजडित किंवा दुर्मीळ म्हणून आधीच प्रसिद्ध असलेल्या वस्तूंपेक्षा, ज्यांना बाजारात केवळ धातूची किंमत होती अशा वस्तू त्यांच्या आवाक्यात होत्या.

त्यांच्या तरुणपणी पुण्यात इतिहाससंशोधनाला भरती आली होती. १९१० मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली होती. जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील कागदपत्रे, बखरी, नाणी, ताम्रपट व शस्त्रे यांचा शोध चालू होता. या संशोधनाचा भर राज्यकारभार, लढाया व वंशावळी यांवर होता. ज्या घरांतून ही दप्तरे मिळत, त्याच घरांतील माजघरातला दिवा, पानाचा डबा किंवा स्वयंपाकघरातील भांडे यांकडे ऐतिहासिक साधन म्हणून क्वचितच पाहिले जाई. केळकरांचे कार्य या उपेक्षित भागात झाले.

काव्यलेखन

‘अज्ञातवासी’ हे नाव घेऊन केळकरांनी कविता लिहिल्या. इतिहास हा त्यांच्या आवडीचा विषय होता. ऐतिहासिक काव्याला पोषक वातावरण शोधण्यासाठी ते जुने वाडे, गढ्या व सरदार घराणी यांच्याकडे जाऊ लागले आणि तेथील वस्तूंनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. कवितेच्या निमित्ताने सुरू झालेला हा छंद १९२० च्या सुमारास नियमित संग्रहात रूपांतरित झाला. पुढे संग्राहक म्हणून त्यांची कीर्ती वाढत गेली व कवी म्हणून असलेली ओळख तिच्यामागे झाकली गेली.

संग्रहाचा काळ

केळकरांनी संग्रह केला तो काळ घरगुती वस्तूंच्या दृष्टीने मोठ्या स्थित्यंतराचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल भारतात आले आणि पत्र्याच्या चिमण्या व काचेचे कंदील खेड्यापाड्यांत पोहोचले. १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीजपुरवठा सुरू झाला. त्यानंतरच्या दशकांत शहरांतील घरांत विजेचे दिवे आले. एरंडेल, करंजेल किंवा तिळेल घालून लावायचे दिवे त्यामुळे प्रकाशाचे साधन राहिले नाहीत. देवघरातील समई व निरांजन टिकले, परंतु माजघरात साखळीने टांगलेला लामणदिवा, हाती धरायची दिवटी, भिंतीच्या खुंटीवरचा दिवा, प्रवासात न्यायचा झाकणाचा दिवा यांचे काम संपले.

याच काळात वाड्यांची आर्थिक घडीही मोडत होती. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा व त्यानंतरचे इनामे रद्द करणारे कायदे यांमुळे जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी अनेक घरे अडचणीत आली. एकत्र कुटुंबे विभागली गेली आणि मोठी भांडी, जड समया व झुंबरे ठेवण्यास जागा उरली नाही. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असून तो वितळवून पुन्हा वापरता येतो. त्यामुळे निरुपयोगी ठरलेली पितळी वस्तू फेकून न देता मोडीत घालण्याची रीत होती. मोडीचा भाव वजनावर ठरतो. दिव्यावरील मोराची घडण कोणत्या कारागिराने केली किंवा तो किती पिढ्या वापरात होता, याला त्या हिशेबात स्थान नसते. जुना दिवा ओतार्‍याच्या मुशीत गेला की त्याच धातूचा तांब्या किंवा नळाची तोटी होऊन बाहेर येई.

दिवा घराबाहेर पडणे व तो वितळणे यांमधील थोड्या अवधीत केळकरांना त्याच्यापर्यंत पोहोचावे लागे. त्यासाठी ते जुने बाजार, मोडीची दुकाने व खेड्यांतील घरे पाहत. महाराष्ट्राप्रमाणेच गुजरात, राजस्थान व दक्षिण भारत येथेही त्यांनी वस्तूंसाठी प्रवास केला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी साथ होती. घरातील वस्तू बहुधा स्त्रियांच्या वापरातील असत व त्या विकायच्या की नाही हे अनेकदा स्त्रियांच्या संमतीवर ठरे. त्यामुळे संग्राहकाच्या पत्नीचा सहभाग हा केवळ गृहिणीच्या पाठिंब्यापुरता मर्यादित नव्हता. १९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती.

दिव्यांचा संग्रह व अभ्यास

केळकरांच्या संग्रहात दिव्यांना महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रात आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, घरातील सर्व दिवे चिंचेने वा राखेने घासून, पाटावर मांडून पूजण्याची प्रथा आहे. वर्षातून एकदा अशा रीतीने एकत्र येणार्‍या दिव्यांच्या प्रकारांना संग्रहाच्या रूपाने कायमची मांडणी मिळाली.

भारतीय दिव्यांचे वर्गीकरण सामान्यतः त्यांच्या वापरावरून केले जाते. समई जमिनीवर उभी राहते. तिची बैठक, खांब, तेलाचे तबक व शिखरावरील मोर किंवा हंस हे भाग स्वतंत्रपणे ओतून आट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात, त्यामुळे ती घासण्यासाठी सुटी करता येते. निरांजनात तुपात भिजवलेली फुलवात जळते. पंचारतीला पाच वाती व धरण्यासाठी मूठ असते. या मुठीवर अनेकदा नाग कोरलेला असतो. दिवटी व बुधली ही जोडी खंडोबाच्या उपासनेत व गोंधळात वापरली जाते. बुधलीतील तेल दिवटीच्या पोतावर ओतून ज्योत धगधगती ठेवतात. दीपलक्ष्मी म्हणजे ओंजळीत किंवा हातांवर दिवा धरलेली स्त्रीमूर्ती होय. गजलक्ष्मीच्या दिव्यात ज्योतीच्या मागील प्रभावळीत लक्ष्मी व तिच्या दोन बाजूंना हत्ती असतात.

लामणदिवा हा रचनेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय प्रकार आहे. त्याच्या साखळीच्या कड्यांमध्ये हत्ती, घोडेस्वार, नर्तकी किंवा पक्षी गुंफलेले असतात. काही दिव्यांत वरील प्राणी पोकळ असून तो तेलाचा साठा म्हणून काम करतो. खालच्या वाटीतील तेलाची पातळी घटली की प्राण्याच्या पोटातील तेल छिद्रावाटे थोडेसे उतरते व पातळी पूर्ववत झाली की थांबते. मुंबईतील जोगेश्वरी येथे सापडलेला, हत्तीची आकृती असलेला प्राचीन लामणदिवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नंदादीप अखंड तेवत ठेवण्याची गरज अशा योजनेमागे असावी. बहुतेक ओतीव दिवे मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून काढून आणि त्या पोकळीत धातू ओतून घडवले जात. या पद्धतीत साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच दिवा निघतो.

‘लँप्स ऑफ इंडिया’ या पुस्तकामुळे या विषयाकडे सामान्य वाचकाचे लक्ष वेधले गेले. मंदिरातील मूर्तिशिल्प किंवा चित्रकला यांच्या तुलनेत दिवा हा कलेतिहासात दुय्यम मानला जात असताना, केवळ दिव्यांना वाहिलेले पुस्तक शासकीय प्रकाशन म्हणून निघणे ही लक्षणीय बाब होती.

संग्रहालयाची स्थापना

केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा हा बालपणीच निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या संग्रहाला त्याचे नाव दिले. १९६२ मध्ये पुण्यातील बाजीराव रस्त्यानजीकच्या नातूबागेत संग्रहालय स्थापन झाले. संग्राहक स्वतःचे नाव संग्रहाला देतात ही सर्वत्र आढळणारी पद्धत असताना, येथे पित्याचा वारसा पुत्राच्या नावाने ओळखला जातो. पुढे रूढ झालेल्या ‘राजा दिनकर केळकर’ या नावात पुत्र व पिता या दोघांचाही समावेश आहे. ‘राजा’ ही पदवी असल्याचा समज काही वेळा आढळतो, तो चुकीचा आहे.

कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष केळकरांनी मिळवले व ते संग्रहालयात ‘मस्तानी महाल’ म्हणून पुन्हा उभारण्यात आले. मूळ महाल पहिल्या बाजीराव पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधला होता. या दालनामुळे सुट्या वस्तूंबरोबर एका वास्तूचा अंतर्भागही जतन झाला.

शासनाकडे हस्तांतर

१९७५ मध्ये केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. खाजगी संग्रह मालकाच्या मृत्यूनंतर वारसांत वाटला जाणे किंवा लिलावात विखुरणे ही नेहमीची गोष्ट आहे. मोडीतून वाचवलेल्या वस्तू पुन्हा बाजारात जाण्याची शक्यता या हस्तांतराने संपली. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. पदवी देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. १९९० मध्ये वयाच्या चौर्‍याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

केळकरांच्या संग्रहामुळे महाराष्ट्रातील व भारतातील घरगुती जीवनाच्या अभ्यासाला प्रत्यक्ष साधन उपलब्ध झाले. कागदपत्रांतून न कळणार्‍या अनेक बाबी, उदाहरणार्थ दिव्यात किती तेल मावत असे, अडकित्ता एका हाताने कसा चाले किंवा कुलपाची कळ कोठे लपवलेली असे, या वस्तू हाताळल्यावरच समजतात.

या प्रकारच्या संग्रहाला काही मर्यादाही असतात. बाजारातून किंवा मोडीतून आलेल्या वस्तूबरोबर तिचे घर, गाव व कारागीर यांची माहिती क्वचितच येते. पितळ पुनःपुन्हा वितळवले जात असल्याने व घडणीचे तेच नमुने पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्याने, लेख कोरलेला नसेल तर दिव्याचा काळ ठरवणे कठीण जाते. त्यामुळे अशा संग्रहातील कालनिश्चिती बरीचशी शैलीवर अवलंबून असते. परंतु केळकरांच्या काळात पर्याय नोंदीसह जतन किंवा नोंदीविना जतन असा नव्हता. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत तो जतन किंवा मूस असा होता.

संग्रहालयात आज २०,००० हून अधिक वस्तू आहेत व त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू प्रदर्शनात मांडलेल्या असतात. उर्वरित वस्तू जागेअभावी साठ्यात ठेवाव्या लागतात. दिवे, वाद्ये, लाकडी कोरीवकाम, वस्त्रे, चित्रे व स्त्रियांच्या वापरातील वस्तू यांची दालने विद्यार्थी, कारागीर व अभ्यासक यांच्या उपयोगाची ठरली आहेत.