पंडिता रमाबाई आणि केडगावचे कृपासदन



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा सण. सुदानच्या दारफूर भागातून लहानपणी पळवून नेलेली आणि पुन्हा पुन्हा विकली गेलेली ही मुलगी पुढे इटलीत कनोसा संस्थेची धर्मभगिनी झाली. २०१५ सालापासून त्यांच्या सणाचा दिवस जगभरच्या ख्रिस्तसभेत मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. आपणही त्या दिवशी मिस्सामध्ये प्रार्थना केली. मिस्सानंतर एक भगिनी मला भेटल्या. निवारागृहातून बाहेर पडलेली आणि चाकणकडे एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागलेली एक तरुणी चिखलीत भाड्याने खोली शोधत आहे. तीन ठिकाणी बोलणी पक्की होत आली होती, पण ती आधी कुठे होती हे कळताच मोडली. आपल्यापैकी कोणी खोली देईल का, असे त्या विचारत होत्या. पाहतो, असे मी म्हणालो. खरे सांगायचे तर लोक काय म्हणतील, हाच विचार माझ्याही मनात पहिल्यांदा आला.

घरी येऊन मला आठवण झाली ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडच्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे काम केलेल्या पंडिता रमाबाईंची. विधवांसाठी झटणाऱ्या विदुषी म्हणून त्यांचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. परंतु त्यांच्या कामाचा एक भाग शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवणे पाप समजले जाई त्या काळात त्यांनी पत्नीला शिकवले आणि आईने रमाबाईंना. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे. पुढे दुष्काळ पडला. आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. अन्नासाठी माणूस काय काय सोसतो आणि एकट्या मुलीकडे रस्त्यावरची नजर कशी वळते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

१८७८ साली ही भावंडे कोलकात्याला पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांच्या आत पटकीने पतीचेही निधन झाले. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या इंग्लंडच्या मुक्कामातील एका घटनेकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनींचे एक घर होते. वेश्याव्यवसायातून सुटलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळत असे. रमाबाई ते पाहायला गेल्या. ज्या समाजात त्या वाढल्या त्यात अशा बाईची सावलीही टाळली जाई. तिच्यासाठी प्रायश्चित्ताचा मार्गसुद्धा नव्हता. येथे मात्र शिकल्यासवरलेल्या भगिनी त्यांची मायेने सेवा करीत होत्या. आणखी एक गोष्ट रमाबाईंनी पाहिली. सुटून आलेल्या काही स्त्रिया आता स्वतःच आजारी आणि दुबळ्यांची शुश्रूषा करीत होत्या. ख्रिस्ती लोक हे कशासाठी करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरील भेट सांगितली. योहानच्या शुभवर्तमानातील तो चौथा अध्याय आपण उपवासकाळात ऐकतो. रमाबाईंची बुद्धी तर्काने चालणारी. सिद्धान्तांवरून त्या पुढे अँग्लिकन भगिनींशीही वाद घालीत राहिल्या. पण येशू जगाचा तारणारा आहे हे त्यांना पटले ते त्या अध्यायामुळे आणि त्या घरात पाहिलेल्या वागणुकीमुळे.

सेमिनरीत आम्ही मानवी प्रतिष्ठेवर मोठमोठे ग्रंथ अभ्यासले. या बाईंना ती एका घरातल्या व्यवहारात दिसली. तेव्हापासून मला आपल्या भाषेतल्या ‘पतिता’ या शब्दाचा रागच आहे. कोण पडली एवढे तो सांगतो. कोणी ढकलले, कोणी किंमत घेतली, कोणी मोजली, याचा त्यात पत्ताही नाही.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणत्याच पंथाच्या चौकटीत त्या नीट बसल्या नाहीत.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. तेथे व्याख्याने दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिले, निधी जमवला. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यात आले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे होते, सक्ती नव्हती, असे रमाबाईंचे म्हणणे होते. मला त्यांचे म्हणणे पटते, आणि टीकाकारांची शंकाही अगदीच निराधार वाटत नाही. ज्याच्या घरी आपण जेवतो त्याला नाही म्हणणे कठीण असते. दुखावलेल्या स्त्रीला मदत करताना आपण धर्माची अट तर घालू नयेच, पण तशी अट आहे असे तिला वाटूही देऊ नये.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. भुकेल्या मुलींभोवती त्यांना खरीददार फिरताना दिसले. कोणी जेवणाचे, कोणी नोकरीचे आमिष दाखवीत होते. सरकारी अन्नछत्रांतही मुली सुरक्षित नव्हत्या. पुष्कळदा फूस लावून नेणारी बाईच असे, कारण मुली बाईवर लवकर विश्वास ठेवतात. आपल्या औद्योगिक पट्ट्यात आज दुष्काळ नाही. पण कंपनीत लावून देतो, घरकाम मिळवून देतो, लग्न जमवून देतो, असे सांगून गावाकडून मुली आणणारे मध्यस्थ आहेत, आणि रीत तीच आहे. (असे काही दिसले तर स्वतः भांडायला जाऊ नका. ११२ ला, आणि लहान मूल असेल तर १०९८ ला फोन करा.)

रमाबाईंनी तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया पुण्यात आणल्या. पण तेव्हा पुण्यात प्लेग होता. एवढी माणसे शहरात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले. या धावपळीतील एका प्रसंगाने त्यांना फार दुःख झाले. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात नेलेली त्यांची एक मुलगी परत आलीच नाही. रमाबाईंनी १८९७ साली मुंबईच्या वृत्तपत्रात पत्र लिहून तेथील कारभारावर आणि पहारेकऱ्यांवर जाहीर आरोप केले. गव्हर्नरांनी ते नाकारले. सरकारी कृपेवर संस्था चालते म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. तीनशे मुली सांभाळणाऱ्या बाईंनी एका मुलीसाठी सत्तेशी वैर पत्करले.

१८९९ च्या सुमारास केडगावला कृपासदन सुरू झाले. वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या स्त्रियांसाठी हे वेगळे घर होते. फुलहॅमला पाहिलेले आता आपल्या मातीत उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वृद्ध स्त्रियांसाठी प्रीतिसदन आणि अंधांसाठी बार्तिमय सदन होते. मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे नुसते बसवून खायला घातले जात नसे. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायकाच चालवीत. कामातून हाताला कसब येई आणि आपल्या कष्टाचे खातो, हे कळे. सुटका एका रात्रीत होते, पुढचे उभे राहणे वर्षानुवर्षे चालते. त्या वर्षांत तिला सारखी तिची जुनी गोष्ट विचारणारी माणसे नको असतात. काम, दाराला आतून कडी असलेली खोली, आणि नावाने हाक मारणारे शेजारी हवे असतात.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीच्या स्त्रियांनी. १९२१ साली मनोरमा गेली. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे काम आजही चालू आहे.

आता त्या खोलीविषयी. अनामत रकमेची व्यवस्था मी करतो, आणि भाडेकराराला साक्षीदार म्हणून सही करायलाही तयार आहे. एक खोली, पाण्याची सोय आणि रात्रपाळीनंतर दार उघडणारे माणूस असेल तर पुरे. ज्यांची तयारी असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात भेटावे. तिचे नाव किंवा मागची हकीकत मला विचारू नये. ती मी सांगणार नाही.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू