जनरल ब्रॅडली आणि होयबाचा शिक्का

स्मरणिकेसाठी आपल्याला भावलेल्या एखाद्या व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहा, असं संपादक मंडळाने कळवलं. बाकीचे कुणावर लिहिणार याचा साधारण अंदाज होता, म्हणून मी जरा लांबचा माणूस निवडला: अमेरिकेचे जनरल ओमर ब्रॅडली. गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करताना मोठमोठ्या सिस्टिम का कोसळतात याबद्दल वाचत गेले आणि त्यातून युद्धांच्या इतिहासाकडे वळले. दुसऱ्या महायुद्धातले सेनापती म्हणून ब्रॅडली सर्वांना माहीत आहेत. मला मात्र त्यांची नंतरची, कोरियाच्या युद्धातली वर्षं जास्त विचार करायला लावतात.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८९३ रोजी मिसुरी राज्यात झाला. वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. ओमर पंधरा वर्षांचे होण्याआधीच ते वारले. आईने शिवणकाम करून संसार चालवला. शाळा संपल्यावर ओमर रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले. कॉलेजसाठी पैसे साठवायचे होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत फी भरावी लागत नाही, हे त्यांना चर्चच्या रविवारच्या शाळेच्या प्रमुखांनी सांगितलं आणि आयुष्याची दिशा बदलली. त्यांची १९१५ ची बॅच अमेरिकेत अजून प्रसिद्ध आहे. १६४ जणांपैकी ५९ जण पुढे जनरल झाले. आयझेनहॉवर त्यांचे वर्गमित्र. (आपल्या बॅचने हा आकडा मनाला लावून घेऊ नये!)

पहिल्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जायलाच मिळालं नाही. मोंटानातल्या तांब्याच्या खाणींवर पहारा देण्याचं काम वाट्याला आलं. युद्धानंतर चार वर्षं त्यांनी वेस्ट पॉइंटला गणित शिकवलं. आपल्या गणिताच्या शिक्षकांना हे वाचून बरं वाटेल.

१९३९ मध्ये जॉर्ज मार्शल लष्करप्रमुख झाले आणि ब्रॅडली त्यांच्या कचेरीत काम करू लागले. पहिल्याच आठवड्याच्या शेवटी मार्शल यांनी सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावून नाराजी व्यक्त केली. कारण काय, तर आठवडाभरात त्यांच्या एकाही निर्णयाला कुणी विरोध केला नव्हता. हा प्रसंग ब्रॅडली आयुष्यभर विसरले नाहीत. पुढचं सगळं वाचताना तो लक्षात ठेवावा.

महायुद्धात ते ट्युनिशिया, सिसिली, नॉर्मंडी करत जर्मनीत पोचले. शेवटी त्यांच्या हाताखाली सुमारे १३ लाख सैनिक होते. साध्या शिपायाची काळजी घेणारा, आवाज न चढवणारा सेनापती अशी त्यांची ख्याती झाली. युद्धानंतर दोन वर्षं त्यांनी माजी सैनिकांच्या खात्याचा कारभार सुधारला. १९४९ मध्ये ते संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं. तिथले सेनापती होते डग्लस मॅकआर्थर, वयाने आणि कीर्तीने सगळ्यांपेक्षा मोठे. इंचॉनच्या बंदरात सैन्य उतरवण्याच्या त्यांच्या योजनेबद्दल ब्रॅडली आणि इतर प्रमुखांना शंका होत्या. सप्टेंबरमध्ये ती योजना झळझळीत यशस्वी झाली आणि त्यानंतर मॅकआर्थरना प्रश्न विचारण्याची हिंमतच संपली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनने पेकिंगमधले भारताचे राजदूत पणिक्कर यांच्यामार्फत इशारा दिला होता की अमेरिकन सैन्य ३८ वी अक्षांशरेषा ओलांडून उत्तरेत आलं तर चीन युद्धात उतरेल. वॉशिंग्टनने तो गांभीर्याने घेतला नाही. पुढे चीनच्या सीमेलगत परदेशी फौजा न नेण्याची सूचना मॅकआर्थर यांनी धुडकावली. सेनाप्रमुखांनी खुलासा मागितला, उत्तर आलं आणि विषय तिथेच थांबला. नोव्हेंबरअखेर चिनी फौजांचा लोंढा आला. ३ डिसेंबरच्या बैठकीत जनरल रिजवे यांनी विचारलं की चर्चा पुरे, सेनापतीला आता स्पष्ट आदेश का देत नाही? त्या खोलीत शांतता पसरली. ब्रॅडलीही तिथेच बसले होते.

युद्ध लांबलं, माणसं मरत राहिली आणि लोकांचा पाठिंबा ओसरला. १९५१ च्या आरंभी जवळजवळ निम्म्या अमेरिकनांना हे युद्ध चूक वाटत होतं. मॅकआर्थर सरकारी धोरणाविरुद्ध जाहीर बोलू लागले. ११ एप्रिल १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना पदावरून दूर केलं आणि देशभर संताप उसळला. मॅकआर्थर यांना हटवावं, असंच सेनाप्रमुखांचंही मत होतं. त्यामुळे तो संताप त्यांच्यावरही आला. सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी उघड सांगितलं की ब्रॅडलींच्या लष्करी मतावर आता आपला विश्वास उरला नाही आणि सेनाप्रमुख सरकारच्या ताटाखालची मांजरं झाले आहेत. थोडक्यात, होयबा.

मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ब्रॅडलींनी शांतपणे सांगितलं की युद्ध चीनपर्यंत वाढवणं म्हणजे चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीच्या शत्रूशी चुकीचं युद्ध करणं ठरेल. हे वाक्य पुष्कळदा मूळ कोरिया युद्धाबद्दलचं म्हणून सांगतात, ते बरोबर नाही. राष्ट्राध्यक्षांशी खासगीत काय बोलणं झालं, असं सिनेटरांनी खोदून विचारलं. ब्रॅडलींनी ते सांगायला नकार दिला. सल्लागाराचं बोलणं उद्या चव्हाट्यावर येणार असेल तर कुणी मोकळेपणाने सल्ला देणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. समितीने १८ विरुद्ध ८ मतांनी तो मान्य केला.

माझ्या मते टाफ्ट यांचा आरोप चुकीच्या पत्त्यावर गेला होता. ब्रॅडलींनी राष्ट्राध्यक्षांना दिलेला सल्ला त्यांना स्वतःला पटलेला होता. त्यांचं स्वातंत्र्य कमी पडलं ते सहा महिने आधी आणि तेही सत्तेपुढे नव्हे, यशाने दिपवून टाकणाऱ्या एका सहकाऱ्यापुढे. मार्शल यांच्या कचेरीत शिकलेला धडा नेमका तेव्हा उपयोगी यायला हवा होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात ही कबुली आहे: सेनाप्रमुखांनी तेव्हाच मॅकआर्थर यांना ठामपणे आवरायला हवं होतं. त्या युद्धात ३६,००० हून अधिक अमेरिकन सैनिक गेले. कोरियन आणि चिनी मृतांची संख्या लाखांच्या घरात आहे.

१९५३ मध्ये आयझेनहॉवर यांनी सगळे सेनाप्रमुख बदलले. टाफ्ट यांचा गट त्यासाठी आग्रही होताच. ब्रॅडली ऑगस्टमध्ये पायउतार झाले. पुढे व्हिएतनामच्या वेळी त्यांनी ते युद्ध योग्य असल्याचं मत दिलं. मार्च १९६८ मध्ये बहुतेक ज्येष्ठ सल्लागारांनी माघारीकडे कल दाखवला, तेव्हाही ब्रॅडली युद्धाच्या बाजूने राहिलेल्या थोड्यांपैकी होते. मला ते पटत नाही. पण तेव्हा त्यांच्याकडे ना पद होतं ना मिळवायचं काही, त्यामुळे ते मत त्यांचं स्वतःचंच होतं. ८ एप्रिल १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्यापैकी बरेच जण आता टेबलाच्या त्या बाजूला बसतात, जिथे निर्णय होतात. कुणी डॉक्टर, कुणी मुख्याध्यापिका, कुणी बँकेत, कुणी सैन्यात. निर्णय झाल्यावर बाहेर येऊन नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. ज्याचे मागचे दहा अंदाज बरोबर आले, त्याचा अकरावा अंदाज तपासून पाहू या, असं त्याच्या तोंडावर म्हणणारा क्वचित भेटतो. अवघड गणित सोडवल्यावर ताळा करून बघा, असं आपले सर आणि बाई हुशार मुलांनाही सांगत. ब्रॅडली वाचल्यापासून मला त्या सांगण्याचं मोल जास्त कळतं.